दुसऱ्या मजल्यावरचं मराठी

एखाद्या बाईला कामावरून घालवायचं तर तिच्यावर ओरडावं लागतं, असं मला वाटायचं. मी एकीला लाड करून घालवलं. ओरडले असते तर ती टिकली असती. बाकीच्या जणींनी तिला पोटाशी धरलं असतं. हे कळायला मला फार वेळ लागला, आणि मी तर स्वतःला माणसं ओळखणारी बाई समजत होते.

कुंभकोणममधल्या एका मोठ्या कापडदुकानात रेशमी साड्यांचा मजला माझ्याकडे आहे. दुसरा मजला. पांढऱ्या चादरी घातलेल्या गाद्या, मागे छतापर्यंत कपाटं, अकरा काउंटर आणि अकरा जणी. लग्नाची साडी घ्यायला एकेक घर सकाळी इडली खाऊन येतं ते दुपारच्या जेवणापर्यंत उठत नाही. नवरी, तिची आई, दोन मावश्या, आणि एक आत्या, जिला कुणी विचारत नाही पण जिचं मत सगळ्यात मोठ्यानं येतं. साठ साड्या उलगडतात, एक घेतात. उरलेल्या एकोणसाठ घडी होऊन पुन्हा आपापल्या जागी जायला हव्यात. जड जरीची साडी एकटीला घडी करता येते, पण दोघींनी दोन टोकं धरली तर निम्म्या वेळात होते. म्हणून आमच्या मजल्यावर एक रीत होती: जिच्यासमोर गिऱ्हाईक नाही तिनं शेजारणीच्या साडीचं दुसरं टोक धरायचं. ही रीत मी घातलेली नव्हती, मी येण्याआधीपासून चालत आली होती. मालकांसमोर तिचं श्रेय मात्र मी बिनदिक्कत घेत असे.

आम्ही इकडचे मराठी. तंजावरला मराठ्यांचं राज्य होतं तेव्हा आमचे पूर्वज कारकुनीला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आमचं मराठी जुनं आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे दहा वर्षं पुण्यात काढली, तिथं भाजीवालीनं मला विचारलं होतं, "ताई, ऐतिहासिक नाटकात काम करता का?" आता जे लिहितेय ते मराठी त्या दहा वर्षांत शिकलेलं. घरातलं वेगळं, आणि जास्त जवळचं.

उंबऱ्याबाहेर तमिळ या नियमाला आमच्यात एक अपवाद आहे, आणि तो सगळ्या घरांत सारखा. बाजारात, बसमध्ये, देवळाच्या रांगेत दुसऱ्याला कळू द्यायचं नसेल तेव्हा मराठी. साडीवाला लबाड दिसतो, ही बाई फार बडबडते, चल उठू या, हे सगळं त्या माणसाच्या तोंडावर, हसऱ्या चेहऱ्यानं, मराठीत. माझी आई यात उस्ताद होती. समोरच्याची उणीदुणी काढताना तिच्या चेहऱ्यावर तीर्थप्रसाद घेतल्यासारखा भाव असायचा. यात काही वाईट आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. वाटायला हवं होतं.

पुण्याहून परत आलो, नवरा गेला, मुलगा बेंगळुरूला. तो फोनवर माझ्याशी इंग्रजीत सुरू होतो आणि मराठीत दोन वाक्यं बोलून थकतो. घरी मी कुणाशी बोलणार? कुकरशी बोलायची. मग ही नोकरी घेतली. आधी हिशेब बघायचे, मग मजला माझ्याकडे आला. दुकानात मी कडक म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्याचा मला अभिमान होता. वेळेवर या, केसात फूल हवं, गिऱ्हाईक उठेपर्यंत बसायचं नाही. हसले की बायका डोक्यावर बसतात, हे माझं तत्त्वज्ञान.

मालकांनी आम्हा मजल्यांच्या प्रमुखांना तिरुच्चीला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं. टाय लावलेला एक गृहस्थ आम्हाला टाळ्या वाजवायला लावत होता, फुगे फुगवायला लावत होता. वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी फुगा फुगवला. नेतृत्व म्हणजे काय, टीमला प्रेरणा कशी द्यायची, असं लिहून त्यानं बरेच फळे भरले. त्यातलं एकच वाक्य मी वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या: आपल्या टीममधलं एक माणूस आधी आपलं करा, बाकीचे मागून येतील. ते वाक्य मला आवडलं, कारण ते एक माणूस मला आधीच सापडलेलं होतं.

ती सहाव्या काउंटरवर होती. तिला मी इथं सहा नंबर म्हणते. पस्तिशीची, सावळी, शांत. नवरा प्रवासी व्हॅन चालवायचा, एक पाच वर्षांची मुलगी. एका दुपारी मी कपाटाच्या पलीकडे उभी होते आणि अलीकडे ती साड्यांचा गठ्ठा मोजत होती, तोंडातल्या तोंडात: सत्तावीस, अठ्ठावीस, एकुणतीस. माणूस व्यवहार कुठल्याही भाषेत करो, मोजतो आईच्या भाषेत. मी कपाटाला वळसा घालून तिच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"अगो, तूं आपली कां?"

ती दचकली. मग तिचा चेहरा उजळला. "हो, अक्का. आम्ही विठ्ठलाचे. माझे आजे शिंपी होते." आणि लगेच इकडंतिकडं पाहून तिनं आवाज खाली आणला. तिनं आवाज खाली आणला होता, हे मला आज आठवतं. तेव्हा माझ्या लक्षात आला तो फक्त आवाज, माझ्या आईच्या वळणाचा.

त्या दिवसापासून माझ्या दिवसाला चव आली. सकाळी आल्याबरोबर सहाव्या काउंटरपाशी थांबायचं. जेवण काय आणलंस, मुलीचा खोकला कसा आहे, काल तुझ्या सासूनं काय केलं. तीही बोलायची, हसायची. विक्रीतही ती चांगली होती. नवरीच्या आईकडे न बघता आत्याकडे बघून साडी उलगडायची, आणि आत्या जिंकली की घर जिंकलं. सकाळच्या मीटिंगमध्ये मी तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावायची. शिबिरात तसंच सांगितलं होतं.

आणि मग आईची सवय माझ्या तोंडून यायला लागली. गिऱ्हाईक नसलेल्या वेळी मी तिच्या काउंटरवर कोपर टेकून उभी राहायची आणि समोरच्या दहा जणींवर शेरे मारायची. ही बघ, साडी दाखवते की वाळत घालते. ती बघ, गिऱ्हाईक आलं तरी देवळातल्या नंदीसारखी बसून आहे. मी हसायची. ती मान खाली घालून साडीची घडी नीट करायची. मला वाटायचं लाजते, थोरांपुढे मोकळं हसत नाही, चांगल्या घरातली आहे.

आमच्या मराठीत निम्मे शब्द तमिळ आहेत. दुकानाला आम्ही कडै म्हणतो, कामाला वेलै, कीव आली की पावम. म्हणजे पलीकडे बसलेल्या बायकांना अधूनमधून एक शब्द कळायचा, आपल्या दिशेला वळलेली माझी नजर दिसायची, आणि माझं हसणं ऐकू यायचं. एवढं पुरे झालं.

एका संध्याकाळी मी जिन्यावर असताना ती मागून आली.

"अक्का, एक सांगूं? राग नक्को. दुकानांत मजशीं तमिळांतच बोला."

"कां गो?"

"अस्क्या जणी पाहतात." सगळ्याला आम्ही अस्कं म्हणतो.

"पाहूं देत की. आपल्या भाषेची लाज वाटते कां तुला?"

हे मी मुद्दाम टोचून बोलले. मला लागलं होतं. तिच्यावर मी इतका जीव लावावा आणि तिनं मला गप्प करावं! ती म्हणाली, "लाज नाहीं, अक्का." आणखी काही बोलणार होती, पण मी उतरायला लागले होते. दुसऱ्या दिवशी मी तिच्याशी ठरवून, जरा जास्तच मोठ्यानं, मराठीत बोलले. तिनं उत्तरं दिली. ती माझ्या हाताखाली होती, दुसरं काय करणार?

त्यानंतरच्या दोन महिन्यांत काय घडत होतं ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं. तिच्या काउंटरवर उलगडलेल्या साड्यांचा डोंगर तसाच राहायला लागला. गिऱ्हाईक उठलं की ती एकटीच टोकं जुळवत बसायची, एक टोक हनुवटीखाली धरून. शेजारची पाच नंबर मोकळी असली तरी तिला त्याच वेळी कपाट पुसायचं असायचं. सात नंबरला पाणी प्यायला जायचं असायचं. वरच्या फळीवरची साडी हवी असली तर स्टूल तिलाच ओढून आणावं लागायचं. मीटिंगमध्ये तिच्यासाठी टाळ्या पडायच्या, पण पहिल्या दोन वाजून थांबायच्या. एवढी मी, माणसं ओळखणारी, माझं निदान काय? ही दमते. रक्त कमी असेल. मी तिला डब्यातून बीट आणून दिलं, सगळ्यांच्या देखत, आणि मराठीत बजावलं की रोज खायचं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण मला तो मारुतीही दिसत नव्हता.

मग थोरल्या बाईंची गोष्ट झाली. त्या मजल्यावरच्या सगळ्यात जुन्या, दुकान लहान होतं तेव्हापासूनच्या. त्यांचे गुडघे गेले होते. स्टुलावर चढताना त्या कपाटाची कड घट्ट धरायच्या आणि एक क्षण डोळे मिटायच्या. मला भीती वाटायची, पडतील. त्याच आठवड्यात मी सहा नंबरपाशी उभी राहून, थोरल्या बाईंकडे बघत, म्हणाले होते, "चढतांना देव आठवतो पाहा तिला. पावम." आणि हसले होते. त्यानंतर तीन दिवसांनी मालकांशी बोलून मी त्यांना तळमजल्यावर टॉवेल आणि लुंग्यांच्या विभागात पाठवलं. तिथं सगळा माल कमरेच्या उंचीवर असतो, जिने नाहीत. मी त्यांच्या भल्याचं केलं होतं. पण वीस वर्षं मुहूर्ताच्या साड्या दाखवलेल्या बाईला टॉवेल विकायला बसवणं हे तिला कसं वाटेल, याचा विचार मी केला नाही, आणि कारणही सांगितलं नाही. मी कारणं सांगत नसे. फक्त एक कागद दिला आणि म्हटलं, उद्यापासून खाली.

बाकी नऊ जणींनी हिशेब मांडला तो सरळ होता. पावम हा शब्द त्यांना कळला होता, मी कुणाकडे बघत होते ते दिसलं होतं, आणि माझ्यासमोर कोण होतं तेही. म्हणजे सहा नंबरनं चहाडी केली.

ती मला गोदामात गाठायला आली.

"अक्का, उद्यां सकाळीं अस्क्यांसमोर एकच वाक्य सांगा. थोरल्या बाईंचें मी कांहीं सांगितलें नाहीं म्हणून. तमिळांत सांगा. एकच वाक्य, अक्का."

मी तेव्हा काय म्हणाले ते लिहायला नको वाटतं, पण लिहिते. मी म्हणाले, "मी कुणाला जाब देत नाहीं. आज हें सांगितलें तर उद्यां प्रत्येक गोष्टीचें कारण विचारतील. तूं लक्ष देऊं नक्को. चार दिवस बोलतील आणि गप्प बसतील." वर तिच्या पाठीवर हात फिरवला. मला खरोखर वाटत होतं की मी तिला धीर देतेय. तिला धीर नको होता. तिला एक वाक्य हवं होतं, आणि ते बोलायला मला अर्धं मिनिटही लागलं नसतं.

ती त्यावर भांडली नाही. तिनं आपल्या परीनं एक उपाय काढला. मुलीचे कान टोचायचे होते, स्वामीमलैला, मुरुगनच्या देवळात. ती स्टीलच्या ताटात विड्याची पानं, सुपारी, हळद-कुंकू घेऊन प्रत्येक काउंटरपाशी गेली, वाकून प्रत्येकीला बोलावलं. तळमजल्यावर जाऊन थोरल्या बाईंना बोलावलं, त्यांच्या पाया पडली. मुहूर्त साडेसातचा धरला होता, म्हणजे जेवून सगळ्या दुकान उघडायच्या आत परत येतील. बसनं स्वामीमलै काही लांब नाही, तरी नवऱ्याची व्हॅन बस स्टँडवर उभी राहील असं तिनं प्रत्येकीला सांगितलं. ताटातला विडा घेतला सगळ्यांनी. हळद-कुंकवाचा विडा कुणी परत करत नाही.

त्या सकाळी मी सव्वासहाला स्टँडवर पोचले. व्हॅन धुतलेली, पुढे झेंडूची माळ. तिचा नवरा इस्त्रीचा शर्ट घालून दाराशी उभा होता. चौदा जणांची व्हॅन. आम्ही पावणेसातपर्यंत थांबलो. तो रस्त्याच्या दोन्ही टोकांना आळीपाळीनं बघत होता.

"बाकीच्या?" त्यानं विचारलं.

"बसनं येतील," मी म्हटलं. मला माहीत होतं का, की येणार नाहीत? थोडं माहीत होतं. थोडं माहीत असणं हा मोठा सोयीचा प्रकार आहे.

चौदा जणांच्या व्हॅनमधून मी एकटी गेले. देवळाच्या पायथ्याशी छोटा हॉल घेतला होता. ती दाराशी हळद-कुंकू आणि गुलाबपाण्याचं भांडं घेऊन उभी होती. व्हॅन थांबली, मी उतरले, आणि ती माझ्या खांद्यावरून व्हॅनच्या उघड्या दाराकडे बघत राहिली, आणखी कुणी उतरतंय का म्हणून. मग तिनं माझ्यावर गुलाबपाणी शिंपडलं आणि "या, अक्का" म्हणाली.

मी पहिल्या रांगेत बसले. मुलगी मामाच्या मांडीवर बसून किंचाळली, सोनारानं तार ओवली, सगळ्यांनी तिच्या तोंडात साखर घातली. सहा नंबरची आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि आम्ही दोघी तासभर मराठीत बोललो, जुन्या लोणच्यांबद्दल, आमच्या अंबट वरणाबद्दल, कुणाच्या कुठल्या आजीबद्दल. पंगतीत दहा पानं रिकामी मांडलेली होती. सहा नंबर वाढप्यांना सारखी थांबायला सांगत होती. नऊ वाजता ती पानं उचलली. आणि मला त्या सकाळी फार बरं वाटत होतं, हे मी लपवत नाही. केसरी, म्हणजे आमच्याकडचा शिरा, दोनदा मागून घेतली. किती वर्षांनी मी मराठी बोलणाऱ्यांच्या पंगतीला बसले होते! तिच्या आयुष्यातला इतका अपमानाचा दिवस, आणि माझ्या त्या सालातला सगळ्यात सुखाचा.

आठ दिवसांनी तिनं राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. मी मराठीत विचारलं, "कां गो? काय झालें?" तिनं तमिळमध्ये उत्तर दिलं, "घरी अडचण आहे, मॅडम." मॅडम. मला त्याचा राग आला. कृतघ्न आहे असंही मनात आलं. सही करून कागद पुढे पाठवला.

तिच्या जागी नवीन मुलगी आली. तिला घडी नीट यायची नाही. पहिल्याच दिवशी पाच नंबर उठली आणि तिच्या साडीचं दुसरं टोक धरलं. दुसऱ्या दिवशी सात नंबरनं स्टूल आणून दिलं. महिन्याभरात मजला पूर्वीसारखा चालायला लागला, आणि मी तिथं उभी राहून बघत होते की या बायका वाईट नाहीत, आळशी नाहीत, आणि ज्या एकीला मी त्यांच्यातून काढून माझ्या बाजूला घेतलं होतं तिलाच फक्त त्यांनी एकटं सोडलं होतं. ते दोन महिने माझ्यासमोर पुन्हा उलगडले, एकेक, जरीकाठासकट. त्यानंतर मला नीट झोप आली नाही म्हणणं जरा नाटकी होईल. झोप यायची. पण सकाळी सहाव्या काउंटरवरून जाताना मी चालण्याचा वेग वाढवायची.

पुढचे कित्येक महिने मी काही केलं नाही. मग कुणाकडून तरी कळलं की ती तिरुविडैमरुदूरला एका लहान साडीच्या दुकानात आहे. एका सुटीच्या दिवशी बसनं गेले. वाटेत माफीची वाक्यं जुळवत होते, मराठीत. ती फार सुंदर जुळली. आमच्या भाषेत चुकलें म्हणायला किती तरी गोड वळणं आहेत, आणि मला ती सगळी येतात.

देवळाचा रथ फिरतो त्या रस्त्यावर ते दुकान होतं. एकच खोली, चार मुली, आणि त्यांच्यावर ती. गादीवर साडी उलगडलेली होती. एक टोक एका मुलीच्या हातात, दुसरं तिच्या. मला बघून ती उठली, नमस्कार केला, खुर्ची दिली, कॉफी मागवली. तब्येत भरली होती.

"कशी आहेस गो?" मी म्हटलं.

ती चौघींकडे वळली आणि तमिळमध्ये म्हणाली, "या माझ्या आधीच्या मॅडम. आमची घरची भाषा एक आहे. कशी आहेस, असं विचारताहेत." मग मला तमिळमध्येच, "बरी आहे, मॅडम."

"लेक शाळेंत जाते कीं?"

"मुलगी शाळेत जाते का, असं विचारतात," तिनं मुलींना सांगितलं. "जाते, मॅडम. दुसरीत."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिनं हा नियमच करून घेतला होता: तिच्या दुकानात तिच्या मुलींना न कळणारं एक अक्षर बोललं जाणार नाही, आणि बोललं गेलंच तर ती ते तिथल्या तिथं सगळ्यांना सांगणार. तिरुच्चीच्या शिबिरात न जाता तिला हे समजलं होतं. जिनं शिकवलं ती मी होते, उलट्या बाजूनं.

माझी सुंदर वाक्यं सगळी मराठीत होती. मला कळलं की मी माफीसुद्धा बंद दाराआड मागायला आले होते. चौघी मुली माझ्याकडे उत्सुकतेनं बघत होत्या. मी तमिळमध्ये सुरुवात केली. म्हणाले, "हिच्यावर माझ्यामुळे आळ आला. हिनं कुणाबद्दल काही सांगितलं नव्हतं. मी तेव्हा गप्प बसले." मोडकंतोडकं झालं. तमिळ मला जन्मापासून येतं, तरी मोडकं झालं.

तिनं ऐकून घेतलं. कॉफीचा पेला माझ्याकडे सरकवला. मग पहिल्यांदा, हळू, मराठीत बोलली.

"इथें नक्को, अक्का. ह्यांना काय ठाऊक? तेथें सांगा."

आणि लगेच मुलींना तमिळमध्ये सांगितलं, "हे इथं नको, तिथं सांगा, असं मी म्हणाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तळमजल्यावरून थोरल्या बाईंना वर बोलावलं. त्या लिफ्टनं आल्या. मीटिंगला सगळ्या उभ्या होत्या. मी टाळ्या वगैरे काही घेतल्या नाहीत. तमिळमध्ये सांगितलं: थोरल्या बाईंना खाली पाठवायचं मी एकटीनं ठरवलं. त्यांचे गुडघे बघून ठरवलं. सहा नंबरनं मला त्यांच्याबद्दल किंवा तुमच्यापैकी कुणाबद्दल कधी एक शब्द सांगितला नाही. जे शेरे मारले ते मी मारले. तिनं मला हे तुमच्यासमोर सांगायला विनवलं होतं आणि मी सांगितलं नाही. ती चूक माझी.

बोलून झाल्यावर मला हलकं वाटेल असा माझा अंदाज होता. आता या चकित होतील, कुणी रडेल, कुणी तिला फोन लावू म्हणेल. तसं काही झालं नाही. पाच नंबरनं खाली बघितलं. मग थोरल्या बाई बोलल्या, अगदी शांतपणे.

"ते आम्हाला ठाऊक होतं, मॅडम. ती सांगणारी नव्हती. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला तीच बरोबर आली होती. मला चार दिवसांत कळलं होतं."

"मग?" मी म्हटलं. "मग तिला असं का वागवलंत?"

त्यांनी इतरांकडे एकदा बघितलं, जणू परवानगी घेतली.

"तुम्ही इतकी वर्षं आमच्यावर आहात, मॅडम. आमच्यापैकी कुणाशी बोलताना तुम्हाला हसताना आम्ही बघितलं नाही. तिच्यापाशी गेलात की तुमचा चेहराच बदलायचा. आम्हाला वाटायचं, आमच्यात असं काय कमी आहे? रोज वाटायचं. तुमच्यावर रागावता येत नव्हतं. म्हणून तिच्यावर रागावलो."

दहा जणी आणि थोरल्या बाई माझ्यासमोर उभ्या होत्या, मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट बघत. मी घड्याळाकडे बघितलं आणि म्हटलं, "कामाला लागा."